तुकडे एकीचे, टाके साऱ्याजणींचे

अमेरिकेतली क्विल्ट ही आपली गोधडी आणि रजई यांच्या मधली वस्तू. वरचा पदर गोधडीसारखा, रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेला, आत रजईसारखा पिंजलेला कापूस, खाली अस्तर. हे तीन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार धावदोरा घालत जायचं, एवढंच काम. पण मोकळा कापूस मोठा लबाड. टाके विरळ पडले तर पहिल्या धुण्यातच तो सरकतो आणि कोपऱ्यात गोळा होऊन बसतो. म्हणून टाक्यांच्या ओळी जवळजवळ घालाव्या लागत. शिवाय शिवताना कापड ढिलं राहिलं तर चुण्या पडतात, म्हणून तिन्ही थर चार लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणून बसवावे लागत.

पुढचा बराचसा इतिहास या चौकटीनंच घडवला, असं मला वाटतं. दोन माणसांच्या पलंगावर घालायची क्विल्ट ताणली की खोली भरून जाते. काठाशी बसलेल्या बाईचा हात फार तर दीड-दोन फूट आत पोचतो. एकटी असेल तर तिनं एका बाजूचं शिवायचं, उठून दुसऱ्या बाजूला जायचं, आणि आठवडेच्या आठवडे खोली अडवून ठेवायची. चारी बाजूंनी सहा-आठ जणी बसल्या तर तेच काम एक-दोन दिवसांत उरकतं. शिवून झालेला भाग पट्टीवर गुंडाळला की सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढायच्या आणि परत सुरू करायचं. घर लहान असेल तिथे चौकट आढ्याला दोरांनी टांगत. रात्री ती वर ओढून घेतली की खाली झोपायला जागा होई.

म्हणजे एका क्विल्टमध्ये दोन निराळी कामं असतात. तुकडे कापणं, रंग जुळवणं, नक्षी बेतणं हे बाई एकटी करते, मांडीवर घेऊन, सापडेल त्या वेळात. ताणून टाके घालणं हे चारचौघींचं. पहिल्यात तिचा स्वभाव दिसतो, दुसऱ्यात तिचा गोतावळा. क्विल्टचं कौतुक करणाऱ्यांनी, विकत घेणाऱ्यांनी आणि संग्रहालयात टांगणाऱ्यांनी मात्र बहुतेक वेळा पहिल्याचीच किंमत केली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खेड्यांतून या बैठकीला ‘क्विल्टिंग बी’ म्हणत. व्यवहार आपल्या इर्जिकीचाच, फक्त औतांच्या जागी सुया. जिची क्विल्ट तिनं साऱ्याजणींना जेवू घालायचं आणि पुढे त्यांच्यातल्या कोणाची चौकट लागली की आपण सुई घेऊन हजर व्हायचं. संध्याकाळी पुरुषमंडळी येत, जेवणं होत, फिडल वाजे, नाच होई, आणि कुठे कुठे लग्नंही जमत. दिवसभर हात गुंतलेले पण तोंडं मोकळी असल्यामुळे बाळंतपणापासून कोणाचा नवरा किती पितो इथपर्यंत सगळे विषय चौकटीवरून फिरून जात. उत्तम टाका म्हणजे इंचाला दहा-बारा. जिचे टाके ढोबळ पडत तिला गोड बोलून स्वयंपाकघराकडे पाठवत, असं सांगतात. असेलही. मैत्रीत एवढा व्यवहार चालतोच.

जंगल तोडून वसाहत करणाऱ्या गरीब बायकांनी चिंध्या जोडून क्विल्ट घडवली, हे चित्र अमेरिकनांना फार प्रिय आहे. पण ते अर्धंच खरं. अठराव्या शतकात क्विल्ट बहुतांशी सधनांच्या पलंगावर असे, आणि तिच्यावर भारतातून गेलेलं चीट मोठ्या मानानं मिरवत असे. तुकड्यांची क्विल्ट घरोघरी पोचली ती 1830-40 च्या सुमारास, गिरण्यांनी छापील सुती कापड स्वस्त केल्यावर. त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता. (पुढे 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात या कापसाची वाट अडली आणि आपल्याकडच्या कापसावर मुंबईचे व्यापारी गब्बर झाले, तो भाग निराळा.)

याच 1840 च्या दशकात मैत्रीच्या क्विल्टची लाट आली. ही क्विल्ट वापरण्यापेक्षा जपण्यासाठीच असे. कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिमेकडे निघाली होती, आणि गाडीत बसून ओरेगनकडे गेलेली मैत्रीण बहुधा पुन्हा दिसत नसे. मग मागे राहणाऱ्या प्रत्येकीनं एकेक चौकोन शिवायचा, त्यावर शाईनं आपलं नाव, कधी गाव, कधी साल लिहायचं, आणि सगळे चौकोन जोडून निघणारीच्या हवाली करायचे. कापडावर टिकणारी बरी शाई तोवर बाजारात येऊ लागली होती. जुनी लोहयुक्त शाई कापड खाऊन टाकायची. काही क्विल्टांवर अक्षरांच्या जागी आता अक्षरांच्या आकाराची छिद्रं तेवढी उरली आहेत. बाल्टिमोर शहरातल्या बायकांनी या प्रकाराची हौस अगदी टोकाला नेली. फुलांच्या परड्या, पक्षी, जहाजं, गावातल्या इमारती असे एकाहून एक चढ चौकोन कापून, टाचून त्यांनी ज्या ‘अल्बम क्विल्ट’ केल्या त्यांना आज संग्राहक मोठमोठ्या रकमा मोजतात. नंतर चर्चच्या मंडळांना यात निधी उभारण्याची युक्ती सापडली: दहा सेंट द्या आणि क्विल्टवर नाव लिहून घ्या.

या नावांच्या क्विल्टचा सगळ्यात मोठा वंशज शंभर-दीडशे वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. एड्सनं माणसं मरत होती, अनेकांच्या घरच्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि मागे राहिले होते ते मित्र. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या कल्पनेतून ठरलं की गेलेल्या प्रत्येकासाठी तीन फूट बाय सहा फुटांचं एक कापड शिवायचं, म्हणजे साधारण थडग्याच्या मापाचं. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता असे पुरुषही शिवायला बसले. जीनपँटी, खेळण्यातली अस्वलं, टोप्या, जे हाती लागलं ते जोडलं. 11 ऑक्टोबर 1987 ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती क्विल्ट पहिल्यांदा अंथरली तेव्हा तीत 1,920 कापडं होती. आज ती पन्नास हजारांच्या घरात आहेत आणि वजन सुमारे 54 टन. कारागिरीच्या नजरेनं पाहिलं तर यातली बरीचशी शिवण कच्ची आहे, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

पण एकीचं काम आणि साऱ्याजणींचं काम यांची ओढाताण पाहायची तर अलाबामातल्या एका खेड्यात जायला हवं.

अलाबामा नदी विल्कॉक्स काउंटीत एक मोठं वळण घेते. तीन बाजूंनी पाणी असलेल्या त्या जमिनीवर जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदारानं 1816 मध्ये कापसाचा मळा थाटला, म्हणून गावाचं नाव जीज बेंड. 1845 मध्ये मळा मार्क पेटवेकडे गेला. त्याच्या गुलामांना त्याचंच आडनाव लागलं, आणि गुलामी संपल्यावर ते तिथेच कुळं म्हणून राहिले. आजही गावात ज्याला त्याला विचारा, पेटवेच निघतात. नात्यातले असोत वा नसोत.

1932 चा हिवाळा गावाला विसरता आला नाही. पलीकडच्या कॅम्डेन गावातला व्यापारी उधारीवर बी-बियाणं देत असे. तो वारला, आणि त्याच्या विधवेच्या माणसांनी येऊन वसुली केली. साठांहून जास्त कुटुंबांची जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य, सगळं उचलून नेलं. रेड क्रॉसच्या शिध्यावर गाव जगलं. पुढे संघराज्य सरकारनं जमीन विकत घेऊन कुळांना कर्जं दिली. सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन 1937 मध्ये तिथे गेला, तेव्हा त्यानं टिपलेल्या झोपड्यांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसतात, फटींतून येणारा वारा अडवायला.

इथली क्विल्ट खरोखरच गरजेची होती. एकेका अंथरुणावर दोन-तीन क्विल्ट लागत, आणि कापड म्हणजे शेतात घालून झिजलेले कपडे, खताच्या आणि पिठाच्या पिशव्या. कापूस जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला. तो काठीनं बडवून पसरायचा. डेनिमवर जिथे खिसा होता तिथला निळा गडद, गुडघ्यावरचा जवळजवळ पांढरा, आणि हा फरक म्हणजेच नक्षी. मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला तेव्हा तिनं त्याचे कामाचे कपडे उसवून 1942 मध्ये क्विल्ट केली. त्याची आठवण अंगावर घेऊन झोपायची होती, असं तिच्या मुलीनं, अर्लोन्झियानं, पुढे सांगितलं. तुकडे काढताना तीही हाताशी होती.

नक्षीची नावं साधी होती. चौकोनात चौकोन बसवत गेलं की ‘हाउसटॉप’, विटांसारखे तुकडे रचले की ‘ब्रिकलेयर’, आणि यातलं काहीच न पाळता मन मानेल तसं केलं की ‘माय वे’. तुकडे जिच्या तिच्या घरी जोडले जात. टाके घालायला बायका एकमेकींकडे जात आणि भजनं म्हणत शिवत. वसंतात साऱ्या क्विल्ट ऊन दाखवायला दोरीवर, कुंपणावर पडत. मग हिंडत हिंडत एकमेकींच्या नक्ष्या पाहायच्या, आवडलेली डोक्यात ठेवायची, घरी जाऊन तिच्यात आपली भर घालायची. शाळा अशी हीच. त्यामुळे कुठली कल्पना मूळ कोणाची हे सांगणं अवघड, आणि तसं कोणी विचारतही नसे.

मग साठचं दशक आलं. 1962 मध्ये कॅम्डेनला जाणारी फेरीबोट बंद झाली. नदी ओलांडून तालुक्याच्या कचेरीत मतदार म्हणून नाव नोंदवायला काळे लोक जाऊ लागले होते, हे त्यामागचं कारण गावात सर्वांना ठाऊक होतं. नदीपलीकडचं गाव आता रस्त्यानं तासाभराच्या फेऱ्यावर गेलं, आणि फेरीबोट परत सुरू व्हायला 2006 उजाडलं. फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन बोलून गेले. मतदानाला नाव लावलं म्हणून आसपासची काही कुटुंबं घराबाहेर काढली गेली. याच सुमारास फ्रान्सिस वॉल्टर हा एपिस्कोपल पाद्री त्या भागात हिंडत होता. दोरीवर वाळत घातलेल्या क्विल्ट त्याच्या नजरेस पडल्या. त्यानं त्या विकत घेऊन न्यूयॉर्कमध्ये लिलावात काढल्या, आणि 1966 मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. एस्टेल विदरस्पून यांनी ती पुढे कितीतरी वर्षं चालवली.

मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, आणि पेच तिथेच सुरू झाला. दुकानाला दहा क्विल्ट हव्यात तर दहाही सारख्या हव्यात. ‘माय वे’ चालत नाही. टाके एकसारखे, मापं एकसारखी, रंग ठरवून दिलेले. 1972 मध्ये सीअर्स कंपनीनं कॉर्डुरॉयच्या उशांच्या खोळी शिवून घेण्याचं कंत्राट दिलं. तेव्हा तर क्विल्टचा संबंधही उरला नाही. कलेचे जाणकार या काळाबद्दल हळहळतात. मला ती हळहळ थोडी शहाजोग वाटते. आयुष्यभर दुसऱ्याच्या कापसात राबलेल्या बायकांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःच्या मजुरीचा पैसा येत होता, संस्थेनं जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधलं, आणि त्या जमिनीतले काही तुकडे बेदखल झालेल्या कुटुंबांना घरासाठी दिले. एकीची नक्षी गेली, साऱ्याजणींची बैठक राहिली. शिवाय नक्षी पुरती गेलीच नव्हती: सीअर्सच्या कॉर्डुरॉयचे उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले, आणि गावातल्या काही सर्वांत देखण्या क्विल्ट त्या तुकड्यांतून झाल्या.

उलटा प्रवास नव्वदच्या दशकाअखेरीस झाला. विल्यम आर्नेट हा संग्राहक एका पुस्तकातलं छायाचित्र पाहून जीज बेंडला पोचला; त्यात सरपणाच्या ढिगावर टाकलेली ॲनी मे यंग या बाईची क्विल्ट होती. त्यानं गावातून शेकडो क्विल्ट जमवल्या. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाला मातिस आणि क्ले हे चित्रकार आठवले. 2006 मध्ये दहा क्विल्टांची टपाल तिकिटं निघाली. भिंतीवरच्या पाटीवर मात्र एकच नाव असतं: तुकडे जोडणारीचं. टाके घालायला बसलेल्या शेजारणी पाटीवर मावत नाहीत. आणि नाव एकीचं झालं की हक्क, नफा, कोणाची क्विल्ट कितीला गेली हे प्रश्न येतातच. 2007 मध्ये गावातल्या तिघींनी आर्नेट यांच्यावर दावे लावले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. भिंतीवर लागणं वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ज्या बायकांच्या जुन्या क्विल्ट डास पळवायला जाळल्या जात होत्या, त्यांच्यापैकी तिघींना 2015 मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. पण सहकारी संस्थेनं एकीला पुसलं आणि संग्रहालयानं साऱ्याजणींना, हे खरंच. 2022 पासून गावात ऑक्टोबरमध्ये क्विल्ट उन्हात टांगण्याचा जाहीर उत्सव भरतो. पूर्वी शेजारणी हिंडत पाहत. आता देशोदेशींचे पाहुणे हिंडतात आणि विकतही घेतात.

आपल्याकडे चौकट नाही, याचं कारण आपल्या गोधडीत मोकळा कापूस नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरली की थर आपोआप धरून राहतात. अंथरताना सुरकुती राहू नये आणि कच्चे टाके घालून थर टाचावेत एवढ्यापुरते शेजारचे दोन-चार हात लागतात. पुढची वाकळ एकटी बाईसुद्धा दुपारच्या उन्हात बसून पुरी करू शकते. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायकांची ‘कवंद’ही अशीच. यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम. तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले. त्यांची बोली कोकणी वळणाची आहे, मराठी माणसाला बरीचशी कळावी अशी. कवंद काठापासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ बसल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. हेन्री ड्रूवल या अमेरिकन अभ्यासकाच्या मदतीनं 2004 मध्ये त्यांचीही सहकारी संस्था झाली. जीज बेंड आणि सिद्दी यांच्या क्विल्ट शेजारी ठेवल्या की नातं जोडायचा मोह होतो. जोडू नये. झिजलेलं कापड आणि मोकळी नजर एवढ्या भांडवलावर दोन ठिकाणी सारखं काही निघू शकतं.

आजच्या अमेरिकेत गावोगावी क्विल्ट शिवणाऱ्यांची मंडळं आहेत. महिन्यातून एकदा चर्चच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत जमायचं, बहुतेक जणी साठीपुढच्या. गंमत अशी की ज्या कामासाठी जमावं लागे ते काम आता यंत्र करतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत लांब दांड्याची मोठी शिलाई यंत्रं आली. जोडलेला पदर त्या यंत्रवालीकडे दिला की ती पैसे घेऊन काही तासांत टाके घालून देते. चौकट गेली, तरी बायका जमायच्या थांबल्या नाहीत. उलट, जे काम पूर्वी एकीचं होतं तेच त्यांनी वाटून घेतलं. एक रीत अशी: प्रत्येकीनं मधला एक चौकोन करून शेजारणीकडे द्यायचा, तिनं त्याला एक काठ जोडून पुढे सरकवायचा, आणि काही महिन्यांनी तो मूळ मालकिणीकडे भलत्याच रूपात परत यायचा. दुसरी रीत चौकोनांच्या अदलाबदलीची. दर सभेत झालेलं काम उभं धरून दाखवायचं, त्यावर आहा-ओहो करायचं. अर्धवट पडलेल्या कामांची कबुलीही तिथेच. आणि शिवलेल्यातलं बरंच देऊन टाकायचं. 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट लायनस’मार्फत अशी पांघरुणं इस्पितळातल्या आणि संकटातल्या मुलांकडे जातात. एका माणसाच्या घरात क्विल्ट किती मावणार, हेही त्यामागचं एक कारण असावं.

या मंडळांच्या प्रदर्शनांत क्विल्टशेजारच्या चिठ्ठीवर अनेकदा दोन नावं दिसतात. एक तुकडे जोडणारीचं, आणि दुसरं यंत्रावर टाके घालणारीचं, कारण ती व्यावसायिक आहे आणि तिनं बिल दिलेलं असतं.